रानात, शिवारात अचानक काही दिसलं तर नोंद कशी करायची: सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर

आपल्याकडं रोज कुणाला ना कुणाला काहीतरी दिसतंच. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्याला बिबट्या, भिलवडीच्या बाजूला नदीवर मोटर चालू करायला गेलेल्याला मगर, माण-खटावच्या माळावर मेंढरांमागं फिरणाऱ्याला लांडगा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली फिरायला गेलेल्या पोरांना गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा. होतं काय, की दोन दिवस चर्चा होते, व्हॉट्सॲपवर एक हललेला फोटो फिरतो आणि विषय संपतो. पाच-सात वर्षांनी कुणी विचारलं की या शिवारात तरस होतं का, तर "होतं की, आमच्या आबांनी बघितलंय" यापलीकडं हातात काही नसतं. तारीख नाही, जागा नाही, आणि ते तरसच होतं का तेही माहीत नाही.

माझं म्हणणं असंय की डोळ्यांनी काय दिसलं आणि त्यावरून आपण अंदाज काय केला, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायची सवय लागली की अगदी साध्या माणसाची नोंदसुद्धा अभ्यासकाच्या कामी येते. डिग्री लागत नाही, मोठा कॅमेरा लागत नाही. वरच्या त्या सरड्याचंच बघा, सरडा सुपर्बा ही जात जगासमोर आली २०१६ साली, ती चाळकेवाडीच्या पठारावरूनच, आणि २००८ मध्ये त्याच पठारावरून जमिनीवर राहणारी एक पाल सातारच्या नावानं नोंदली गेली. म्हणजे सातारा शहरापासून तासाभराच्या आत असलेल्या, लोक रोज ज्यावरून गाडी नेतात अशा जागेवर नवीन जाती सापडतात, मग आपल्या बांधावर काय काय असेल ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

तर आता क्रमानं सांगतो.

आधी अंतर, मग मोबाइल

काहीही दिसलं की हात पहिला खिशाकडं जातो, तो थांबवा. प्राणी कुठं आहे, त्याला निघून जायला वाट मोकळी आहे का, आपण त्या वाटेत उभे नाही ना, हे आधी बघायचं. गवा शांत दिसतो म्हणून लोक जवळ जातात, हे अजिबात करू नका, तो फुरफुरला किंवा डोकं खाली घातलं की मागं सरायला वेळ मिळत नाही. गवा आता फक्त कोयना-चांदोलीच्या जंगलातच दिसतो असंही राहिलेलं नाही, सांगलीत पार मार्केट यार्डापर्यंत येऊन गेलाय, आणि गर्दीनं घेरलं की तो बिथरतो. मगर काठावर ऊन खात पडलेली असेल तर पाण्याच्या कडेला उतरू नका, वरच्या पायवाटेवरूनच बघा. महापुराच्या काळात सांगलीत मगरी वस्तीत शिरतात, तेव्हा फोटोचा नाद सोडून आधी वनविभागाला फोन. १९२६ हा महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर आहे, आत्ताच सेव्ह करून ठेवा.

सापाच्या बाबतीत तर एकच नियम, मोबाइलचा झूम वापरायचा, पाय नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्याकडं आहेत. चुकून दंश झालाच तर साप मारत-पकडत बसू नका, १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरळ सरकारी दवाखाना गाठा. चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही.

पहिली पाच मिनिटं

सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून जरा लांबण लावतो. प्राणी निघून गेला की लगेच, कुणाला फोन करायच्या आधी, ग्रुपवर टाकायच्या आधी, गाडी बाजूला घेऊन लिहायचं. कारण एकदा का कुणी म्हणालं "अरे बिबट्याच असणार" की आपल्याला मागाहून ठिपके आठवायला लागतात, जे दिसलेच नव्हते. हे सगळ्यांचं होतं, माणसाची आठवण तशीच असते. वही नसेल तर मोबाइलमध्ये स्वतःलाच व्हॉइस मेसेज करा, तो वेळेसकट राहतो.

लिहायचं कसं, तर हा एक नमुना:

"१२ जानेवारी, पहाटे ५:५०. गावातून ओढ्याकडं जाणारा रस्ता, डाव्या हाताला तोडणीला आलेला ऊस. एक प्राणी, उजवीकडून डावीकडं रस्ता ओलांडून उसात गेला. गाडीच्या लाइटमध्ये ४-५ सेकंद दिसला. गावठी कुत्र्यापेक्षा लांब, पाय आखूड, शेपूट लांब आणि खाली झुकलेली, टोक वर वळलेलं. धावला नाही, चालत गेला. ठिपके दिसले नाहीत, उजेड कमी होता. अंदाज: बिबट्या. खात्री: बरीच, पूर्ण नाही. सोबत अजून एक जण होता, त्यालाही शेपूट लांब दिसली."

यात बघा, "ठिपके दिसले नाहीत" हे लिहिलंय आणि ते का दिसले नाहीत हेही लिहिलंय. अंदाज अगदी शेवटी आणि वेगळा. उद्या कुणाला वाटलं की हा बिबट्या नव्हता तर त्याला वरचं वर्णन वापरून दुसरा अंदाज करता येतो. नुसतं "बिबट्या दिसला" लिहिलं असतं तर मान्य करा किंवा सोडून द्या, एवढंच उरलं असतं. सोबत कुणी असेल तर एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी वेगवेगळं लिहा, मग जुळवा. जुळलं नाही तर दोन्ही तसंच ठेवा.

संख्या लिहिताना "खूप" नको. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उतरले असतील आणि एकेक मोजणं शक्य नसेल तर दहाचा एक पुंजका डोळ्यात धरायचा आणि तसे पुंजके किती बसतात ते मोजायचं, आणि "अंदाजे १२०" असं लिहायचं. अंदाजे हा शब्द लिहायला लाजू नका.

जागा

"कासला", "कोयनेत", "शिराळा भागात" ही जागा झाली नाही. गुगल मॅपवर त्या ठिकाणी बोट दाबून धरलं की आकडे येतात, ते कॉपी करून नोंदीत टाका. दशांशानंतर चार आकडे असले तरी दहा-अकरा मीटरच्या आत जागा कळते. आकड्यांबरोबर शब्दात पण लिहा, गाव, वस्ती, ओढा, कुणाच्या मळ्याजवळ, कारण आकड्यात एक चूक झाली की सांगलीतली मगर थेट अरबी समुद्रात जाते आणि शब्दात लिहिलेलं असेल तर ती चूक पकडता येते.

नेटवर्क नाही म्हणून जागा मिळत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. जीपीएस उपग्रहावरून चालतं, टॉवर नसला तरी चालतं, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला वेळ जास्त घेतं. कोयना, चांदोली, वासोट्याकडं जाणार असाल तर घरूनच त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून घ्या आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे ना ते बघा, म्हणजे फोटोतच जागा आणि वेळ येते.

आणि हे नीट लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्यातली जागा-वेळेची माहिती निघून जाते. मित्रानं काढलेला फोटो नोंदीसाठी हवा असेल तर त्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव. फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोची नोंद करूच नका, तो कुठला, कधीचा काही सांगता येत नाही.

फोटो: कशाचा कसा

झाडाफुलांचा फोटो म्हणजे फक्त फुलाचा समोरून क्लोजअप, एवढ्यावर नव्वद टक्के लोक थांबतात आणि तिथंच ओळख अडते. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानं खोडावर समोरासमोर आहेत की आड, फूल समोरून आणि बाजूनं, फळ-शेंग असेल तर ती, आणि झाड कशात उगवलंय, कातळावर, पाण्यात, सावलीत. कास पठारावरची सीतेची आसवं घ्या. दिसायला इवलीशी जांभळी फुलं, पण ही वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून खाते, आणि तिच्या भाऊबंदांमध्ये पिवळ्या, पांढऱ्या बऱ्याच जाती आहेत. त्या एकमेकींपासून ओळखायच्या तर फुलाच्या मागं शेपटीसारखी जी नळी निघते ती कशी आहे ते बाजूच्या फोटोतच दिसतं. समोरून काढलेले कितीही फोटो असू द्यात, उपयोग होत नाही. गेंदाचं तर त्याहून अवघड, पांढऱ्या बटणासारखं फूल सगळ्यांना माहितीय पण जात ठरवायला बऱ्याचदा भिंगाखाली बी बघावं लागतं, तेव्हा "गेंद, जात माहीत नाही" इथंच थांबणं बरोबर आहे.

टोपली कारवी दिसली तर फूल असो नसो नोंद करा. ती सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, पण अधल्यामधल्या वर्षीही एखादं झुडूप फुललेलं दिसतं, आणि कुठल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोणत्या साली फुलली हे वर्षानुवर्षं लिहिलेलं असेल तरच पुढचं काही बोलता येईल. वायतुरा दिसला, तोच सड्यावरच्या पाण्यात उगवणारा दोन फाट्यांचा तुरा, तर पाणी किती होतं तेही लिहा. आणि फोटोसाठी झोपून अंगाखाली शंभर फुलं चिरडू नका, वाटेवरून जेवढं मिळतं तेवढंच. तोडायचं तर काहीच नाही.

ठसे हा आपल्याकडचा मोठा खजिना आहे, ओढ्याकाठची ओली माती, उसातली पाटाची कड. ठशाच्या शेजारी, ठशावर नाही, एक नाणं किंवा पेन ठेवा, मोबाइल बरोबर वरून सरळ धरा, तिरका नको. सकाळचं तिरपं ऊन असेल तर ठसा खोल उठून दिसतो, भर दुपारी सपाट दिसतो. एकच ठसा नको, ओळीनं चार-पाच घ्या. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याची नखं चालताना आत असतात म्हणून उमटत नाहीत आणि त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाया दिसतात. नखं दिसतात पण पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा आहे, मग तरसाचा विचार करा.

किडे-फुलपाखरं वरून आणि बाजूनं दोन्ही. पक्षी लांब असेल तर फोटो जाऊ द्या, आवाज रेकॉर्ड करा, मोबाइल स्थिर धरून अर्धा मिनिट, मध्ये बोलायचं नाही. बेडकांसाठी तर आवाज फोटोपेक्षाही चांगला. कोयनेच्या नावाची एक भेकी (बेडकाचाच एक प्रकार) आहे, १९६३ साली तिथूनच नोंदलेली, ती कोयना-चांदोलीच्या पट्ट्यातच दिसते. पावसाळ्यात त्या बाजूच्या कातळावर छोटी भेकी दिसली तर हात न लावता वरून, बाजूनं फोटो आणि जमला तर आवाज.

हमखास होणारे घोळ

ऊसतोडीत मांजराएवढी पिल्लं सापडली की "बिबट्याचे बछडे" म्हणून बोंब होते. कधी ते खरंच बिबट्याचे असतात, पण बऱ्याचदा रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्लं असतात. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली सुद्धा दीडेक किलोच्या आसपास, अंगावर तांबूस बारीक ठिपके आणि कपाळावरून मागं जाणाऱ्या पट्ट्या. काहीही असो, पिल्लांना उचलायचं नाही, सेल्फी नाही, दूध पाजायचं नाही. लांबून एक फोटो, तोडणी त्या फडात थांबवा, १९२६ ला फोन. वनविभाग पिल्लं त्याच जागी ठेवतो आणि बऱ्याचदा रात्री आई येऊन घेऊन जाते, पण त्यासाठी जागा हलवलेली नसली पाहिजे.

माळावर कोल्हा, खोकड आणि लांडगा यांची गल्लत होते. खोकड एकदम छोटं, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. लांडगा उंच, पाय लांब, चालणं सैल. लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकरही होतो त्यामुळं शंका असेल तर शंका लिहा. सापांमध्ये विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडं पुसट होतात, मण्यारचे पांढरे पट्टे जोडीजोडीनं आणि शेपटीकडं जास्त स्पष्ट. हे फोटोवरून ओळखण्यासाठी सांगतोय, हातात धरायला नाही. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे तर दरवर्षी निघतात.

कडेगाव-पलूस भागात शेतात चितळ किंवा सांबर दिसलं तर नोंदीत सागरेश्वर किती लांब आहे ते लिहा. ते अभयारण्य वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि तिथल्या लोकांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलंय, प्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत, त्यामुळं बाहेर दिसलेलं जनावर तिथून आलेलं असू शकतं.

गावात त्या प्राण्याला जे नाव आहे तेही टाकत जा, गाव बदललं की नाव बदलतं.

टाकायचं कुठं

पक्षी सोडून बाकी सगळ्यासाठी मी आयनॅचरलिस्ट सुचवेन, ॲप फुकट आहे. एका नोंदीत एकच जीव, त्याचे चार फोटो असले तर चारही त्याच नोंदीत. ॲप स्वतः नाव सुचवतं, पण ते डोळे झाकून दाबू नका, आपल्या सड्यावरच्या दुर्मिळ गोष्टींना ते बऱ्याचदा दुसरंच काहीतरी म्हणतं. खात्री नसेल तर "साप", "कोळी", "गवत" एवढंच टाका, जाणकार लोक पुढं नेतात. फोटो किंवा आवाज, तारीख, जागा असली आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं, आणि कमीत कमी दोघांचं, जातीवर एकमत झालं की नोंदीला रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरता येईल असा दर्जा, मिळतो. बागेतलं, कुंडीतलं, मुद्दाम लावलेलं झाड असेल तर तसं सांगायची खूण आहे, ती करा.

पक्ष्यांसाठी ईबर्ड हे ॲप. अचानक एखादाच पक्षी दिसला तर "इन्सिडेंटल" (सहज दिसलेला) निवडा. पण खरं सांगू का, एखाद्या ठिकाणी पंधरा मिनिटं थांबून दिसले तेवढे सगळे पक्षी, चिमणी-कावळ्यासकट टाकले तर त्याची किंमत कितीतरी जास्त, कारण त्यातून काय दिसलं नाही तेही कळतं. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल हाही चांगला पर्याय आहे, आपल्या देशातल्या नोंदींसाठीच आहे.

वही मात्र सोडू नका. ॲपमध्ये वर्णन लिहायचा कप्पा असतो तो लोक रिकामा ठेवतात, वहीतलं सगळं त्यात उतरवा.

काय सांगायचं नाही

खवल्या मांजर, मांडूळ, घुबड, शिकारी पक्ष्याचं घरटं, बिबट्याची पिल्लं, दुर्मिळ ऑर्किड, कंदीलपुष्प आणि शिंदळ माकुडी या वनस्पती. यांची नेमकी जागा उघड करू नका, स्टेटसला नको, रीलमध्ये नको, गावाच्या ग्रुपवर तर नकोच नको. मांडुळाच्या आणि खवल्या मांजराच्या मागं अंधश्रद्धेपायी आणि पैशापायी लोक लागलेले आहेत, आपला एक उत्साही फोटो त्यांना थेट बिळापर्यंत नेऊ शकतो. आयनॅचरलिस्टमध्ये "ऑब्स्क्युअर्ड" (झाकलेली जागा) निवडलं की जागा साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात झाकली जाते, धोक्यातल्या बऱ्याच जातींना ते आपोआप होतं. पण फोटोत मागं देवळाचा कळस किंवा वस्तीची पाटी आली तर झाकून काय उपयोग, तेही बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्यप्राणी पकडणं, पाळणं गुन्हा आहे, नोंदीसाठी म्हणून डब्यात घालून घरी आणणं पण त्यातच येतं.

मेलेलं दिसलं तरी

रस्त्यावर चिरडलेलं जनावर बघून वाईट वाटतं आणि आपण पुढं जातो. थांबायला सुरक्षित जागा असेल तर नोंद करा, हायवेवर मात्र मुळीच थांबू नका. पावसाळ्यात सातारा-कास रस्त्यावर बेडूक, साप, खेकडे गाड्यांखाली जातात. जागा, वेळ, पाऊस होता का, आजूबाजूला ओढा आहे का, एवढं लिहिलं आणि दरवर्षी तीच दोन वळणं निघाली तर वेग कमी करायचा फलक कुठं लावायचा हे सांगता येतं. अशा वेळी दहा जणांच्या तारीखवार नोंदी हातात असल्या की बोलण्याला वजन येतं.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी

हा भाग कुणी करत नाही म्हणून मुद्दाम. जत-आटपाडीकडं जुन्या मेंढपाळांनी, जावळीत धनगरवाड्यावरच्या लोकांनी जे बघितलंय ते कुठल्याच ॲपमध्ये नाही. पण "कुठल्या साली बघितलं" विचारलं तर साल सांगता येत नाही. मग असं विचारा, कोयनेच्या भूकंपाच्या आधी का नंतर, म्हणजे डिसेंबर १९६७ चा धागा मिळाला. बहात्तरच्या दुष्काळात दिसायचे का. २००५ चा महापूर आला तेव्हा होते का, २०१९ ला होते का. मग ऋतू विचारा, सुगी होती का, मेंढरं कुठं बसवली होती. प्राण्याचं नाव आपण सुचवायचं नाही, त्यांना वर्णन करू द्यायचं, शेपूट कशी, आवाज कसा, काय खायचा. बोलणं त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच शब्दात उतरवा. या नोंदी वहीत वेगळ्या पानांवर ठेवायच्या, वर "ऐकीव" लिहायचं, सांगणाऱ्याचं साधारण वय आणि गाव टाकायचं, आणि स्वतः बघितलेल्या नोंदींमध्ये कधीही मिसळायच्या नाहीत.